भुईकाट्यावरचा कॉम्प्युटर

बट्टीचे कणकेचे गोळे उकडायला किती वेळ लागतो, असं नवी नवरी असताना मी सासूबाईंना विचारलं होतं. चुलीवरून मानही न वळवता त्या म्हणाल्या, “कॉम्प्युटर चालू होईपर्यंत.” मला वाटलं, नव्या सुनेची गंमत चाललीय. पण अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकाच्या बाबतीत गंमत करणाऱ्यांतल्या नव्हत्या. आमच्या घरी वेळ मोजायची ती रीतच होती. दाराशी भुईकाटा, काट्याच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरच्या जागं होण्यावर सगळ्या घराची सकाळ बेतलेली. सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, सकाळी केबिनचं कुलूप काढून बटण दाबायचे, पडद्याला हात जोडायचे आणि आंघोळीला जायचे. आंघोळ, मग देवपूजा, मग चहा, मग काट्यावरून एक फेरी मारून फटीत अडकलेले खडे काढणं, इतकं सगळं आटपून ते परत केबिनमध्ये आले की पडद्यावर ते निळं आकाश आणि हिरवं माळरान उगवत असायचं. मग ते दारातून हाक द्यायचे, “व्हयना चालू,” आणि अक्का इकडे पातेल्याचं झाकण काढायच्या. भिंतीवरचं घड्याळ मागेपुढे होतं, कॉम्प्युटर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही तितकंसं खरं नव्हतं. वर्षागणिक कॉम्प्युटर जास्त वेळ घेत गेला, तशी बट्टी अधिक मऊ होत गेली, आणि अक्कांच्या हाताला काय चव आहे म्हणून पाहुण्यांनी कौतुक त्यांचं केलं.

भुईकाटा न पाहिलेल्यांसाठी सांगते. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म असतो. त्यावर अख्खा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा करायचा, की केबिनमध्ये लाल आकड्यांत वजन दिसतं. गाडीचा नंबर टाइप करून बटण दाबलं की ते वजन कॉम्प्युटरमध्ये नोंदवलं जातं आणि प्रिंटर करकर करत चिठ्ठी बाहेर सोडतो. गाडी भरलेली असताना एकदा, रिकामी झाल्यावर एकदा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. आमचा काटा एरंडोलच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे थोड्या अंतरावर कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात जिनिंगचा सगळा कापूस आमच्याकडे मोजला जायचा, आणि त्या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघायचं.

या घरात मी आले तीच कॉम्प्युटरच्या नावावर. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, नरडाण्याजवळचं. लग्नाच्या बायोडाटात वडिलांनी माझ्या रंगाचा उल्लेख टाळून त्या जागी ‘कॉम्प्युटर शिकलेली’ असं लिहिलं होतं. शिकलेली म्हणजे काय, तर तालुक्याच्या गावी तीन महिने जाऊन मला टायपिंग आलं होतं आणि माउसनं झोपडी काढून तिच्यात लाल रंग भरता येत होता. पण इकडे आबांनी सगळ्या भाऊबंदांत सांगून ठेवलेलं, की आपल्या काट्यावर आता घरचीच इंजिनीअर येतेय. त्यामुळे आल्या दिवसापासून घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू माझ्यापुढे ठेवली गेली. मोबाईल, टीव्हीचा रिमोट, मिक्सर, एकदा तर शेजारच्या विहिरीवरची मोटर. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, “एकदा बंद करून चालू करून बघा.” दहातल्या सात वेळा ती वस्तू चालू व्हायची आणि माझी इंजिनिअरिंगची पदवी शाबूत राहायची. उरलेल्या तीन वेळा मी म्हणायची, कंपनीचा माणूस बोलवावा लागेल. आज माझा मुलगा खरोखरचं इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणतो, आई, आम्हीही कॉलेजात हेच करतो.

मुलीचं लग्न झालं की ती मोठी झाली, असं आपल्याकडे धरून चालतात. मी दोन लेकरांची आई झाले, तिशी ओलांडली, तरी घरात माझं मत कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर माझ्याकडे ते नव्हतंही. मी मोठी झाले ती एका कापसाच्या हंगामात. म्हणून माझ्या वाढण्याच्या हकिगतीतलं हे प्रकरण पाळण्यापासून नाही, काट्यापासून सुरू होतं.

तो हंगाम डोळ्यांपुढे आणला की आधी आठवते ती रस्त्याकडेची बाभळ. तिला इतका कापूस अडकलेला असायचा, की झाड म्हातारं होऊन केस पिकल्यासारखं दिसायचं. दिवसभर ट्रॅक्टरांची धडधड, कुणाच्या तरी टेपवर लग्नातली गाणी, आणि मागच्या अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा वास. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत हे जेवण नसतं, तो ऋतूच असतो. लाकडी बडजीत वांगी, मिरच्या, लसूण ठेचल्याचा ठकठक आवाज आणि केबिनमधल्या प्रिंटरची करकर, या दोन आवाजांत माझी अर्धी हयात गेलीय. आणि या सगळ्यात, रांगेतला प्रत्येक जण ज्याची वाट पाहत असायचा तो कॉम्प्युटर. आबा खिडकीतून ओरडायचे, “उतरा रे बठ्ठा,” सगळे उतरायचे, आबा गाडीचा नंबर एका बोटानं टाइप करायचे, बटण दाबायचे आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं. मग आबा त्या घड्याळाकडे, नवस बोलल्यासारखं, एकटक बघत बसायचे. एका गाडीला एक चहा जायचा. समोरचा टपरीवाला गोपाळ आमच्या कॉम्प्युटरला मनोमन नैवेद्य दाखवत असला पाहिजे. त्यात वीज गेली की सगळं पहिल्यापासून, म्हणजे बट्टी शिजेपर्यंत.

त्या वर्षी दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी जिनिंगचे मॅनेजर मोटरसायकलवरून आले. भला माणूस, पण बोलताना नेहमी घड्याळाकडे बघायचा. उभ्या उभ्याच म्हणाले, “आबा, तुमची रांग पुलापर्यंत जाते. गाड्या रात्र रात्र अडकतात. आणि दुसरं, राग मानू नका, पण तुमच्या चिठ्ठीवर जितका कापूस असतो तितका आमच्या ढिगात भरत नाही. दरवेळी थोडी घट. तुमचा काटा जास्त दाखवतो.”

आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. वजनमापवाले दरसाल येऊन, प्रमाणित वजनं ठेवून, काटा तपासून शिक्का मारून जायचे. खोटं वजन हा शब्द त्या माणसाला आईवरून दिलेल्या शिवीसारखा. ते इतकंच म्हणाले, “काटा खरा शे, साहेब.”

“असेल. पण फाट्यावर नवा काटा झालाय. सोमवारपासून मी गाड्या तिकडे पाठवायच्या म्हणतोय.” मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. “शनिवारी येतो एकदा. बघतो.”

ते गेले. काटा बंद पडला तर काय, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. थोरले दीर आधीच सुरतेला गेले होते, आमच्याकडची निम्मी गावं जातात तसे. एक घर तिथे, एक इथे, पोरं मामाकडे. त्याच संध्याकाळी दिरांचा फोन आला, की कारखान्यात जागा आहे, धाकट्याला पाठवून द्या, खोलीचं मी बघतो. धाकटा म्हणजे माझे यजमान. हे काट्यावर गाड्या लावून घ्यायचे, शेत बघायचे. फोन ठेवून हे म्हणाले, “जाऊन येतो चार-सहा महिने.” दीरही चार-सहा महिन्यांसाठीच गेले होते. त्यांचा मुलगा आता आमच्याशी गुजरातीतून भांडायचा.

मी माहेरी फोन लावला. माझा भाऊ विजूदादा धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. रडवेल्या आवाजात सगळं सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं, “मशीन सुरू होताना आतून टकटक येते का? पाल चुकचुकल्यासारखी?”

“येते. अक्का म्हणतात, शुभ असतं.”

“ती हार्ड डिस्क आहे, बाई. तिच्यात तबकडी फिरते, आणि एक सुई तिच्यावर धावत धावत माहिती शोधते. तुमची सुई म्हातारी झालीय. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत असणार. तिच्या जागी एसएसडी टाकू. तिच्यात फिरणारं काहीच नाही, धावायचं कुणी नाही, मागितलं की हजर. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवता येतं. घेऊन ये.”

हे आबांना सांगायचं होतं. आबांची एक खोड होती. जन्म काट्यावर गेल्यानं ते कुठलीही वस्तू आधी तळहातावर घेऊन जोखायचे. भांडं असो, नारळ असो, की नवजात नातू. मी मोबाईलवर एसएसडीचा फोटो दाखवला आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, “कितलं वजन?”

“काहीच नाही, आबा. बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढी असते. त्याहून हलकी.”

“मंग तिच्यामा भरेल काय राहीन? जुनी जड शे.” हलक्या वस्तूवर घराची भिस्त ठेवायला त्यांचं मन घेईना. आणि भीतीही खरी होती. काट्याचा प्रोग्राम ज्यांनी बसवून दिला होता, त्यांचा माणूस कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. उतरवताना तोच पुसला गेला, तर सोमवारची वाट बघायलाच नको होती. “मशीन हाललं नई पाहिजे,” म्हणून ते उठले.

दुसरी अडचण पंचांगाची होती. काटा बंद ठेवायचा तर एकच दिवस मोकळा, अमावास्येचा. त्या दिवशी बाजार बंद, जिनिंग बंद, रस्त्यावर एक गाडी नाही. पण अमावास्येला मशीन उघडायचं? यजमान म्हणाले, शेजारी म्हणाले, गोपाळ टपरीवालाही म्हणाला, ज्याचा त्यात थेट स्वार्थ होता. मी गप्प बसले, कारण गप्प बसण्यात माझी बरीच वर्षांची तयारी होती. बोलल्या त्या अक्का. त्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या, ते मळत मळतच आबांना म्हणाल्या, “लक्ष्मीपूजन कोणता दिवस करतस तुम्ही?”

आबा म्हणाले, “अमावास्येले.”

“मंग? लक्ष्मी चालस त्या दिवशी, कॉम्प्युटर नई चालाव?” आणि परातीवर थाप मारून पुढे म्हणाल्या, “मना एक पोरगा सुरतले गया. दुसरा मी जाऊ देवाव नई. ही पोर म्हनस, तर मशीन नेऊ द्या.”

अमावास्येला सकाळी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मी धुळ्याच्या एसटीत बसले. यजमान गुरांपाशी थांबले होते आणि आबांनी निरोप द्यायला यायचं टाळलं होतं, पण खिडकीतून मला दिसलं, ते केबिनमधल्या रिकाम्या टेबलापाशी उभे होते. सगळ्या वाटेनं डबा मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी त्याला पोटाशी धरायची. कंडक्टरनं विचारलं, “ताई, लगेज काढू का याचं?” मी म्हटलं, “काढा, पण टपावर नाही टाकणार.” शेजारची बाई म्हणाली, “इतलं जपी राहिनी, सोनं शे का?” मी म्हटलं, “नवरा आहे.” ती जरा सरकून बसली. मला एवढंच म्हणायचं होतं, की हा बिघडला तर नवरा जाईल. पण ते समजावून सांगेपर्यंत धुळं आलं असतं.

विजूदादानं दुकानात पोचताच माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. “उघड.”

“मी?”

“मग काय दरवेळी मी येऊ काट्यावर? उघड. लागलंच काही, तर मी आहे.”

मी झाकण काढलं आणि आमच्या घराचा सगळा इतिहास बाहेर आला. पंख्याभोवती कापसाची वात वळलेली, इतकी की निरंजनाला पुरली असती. तळाशी दरवर्षीच्या खंडेनवमीचं हळदकुंकू, अक्षतांचे दाणे, झेंडूची एक वाळकी पाकळी आणि पालीची दोन रिकामी अंडी. दादा डोक्याला हात लावून म्हणाला, “हे इतके दिवस चाललं, तेच पूजेमुळे असेल.” ब्रशनं ते सगळं साफ करताना मला फार चोरट्यासारखं वाटत होतं. हळदकुंकू मी कागदात बांधून घेतलं, टाकायची हिंमत झाली नाही.

नवी डिस्क पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझ्याही मनात आबाच बोलले. खरंच काही वजन नव्हतं. जुनी आणि नवी दोन्ही दादाच्या मशीनला जोडल्या आणि उतरवणं सुरू झालं. हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन ती थांबली. जुन्या डिस्कमधून टकटक, टकटक, मग नुसतं घरघरणं. दादाचा चेहरा उतरलेला मी पाहिला. बंद करून चालू करून बघू का, हे माझं एकमेव शास्त्र होतं. मी तोंड उघडलंही. दादा म्हणाला, “हात लावू नकोस. म्हातारीला तिच्या चालीनं येऊ दे.” वहिनी शेवभाजी घेऊन आली. लाल तर्री, वर शेव, सोबत गरम पोळ्या. समोर आवडीचं ताट असून घास उतरत नाही, म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी सुरतेच्या एका खोलीचा विचार करत होते. जेवणं आटोपून वहिनी ताटं उचलत होती, तेव्हा ती पट्टी जराशी हलली, थांबली, आणि मग एकदम पळत सुटली.

नवी डिस्क आत बसवायला त्या जुन्या डब्यात जागाच नव्हती. ती इतकी हलकी, की दादानं दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं ती आतल्या भिंतीला डकवली. वायर जोडली मी. झाकण लावलं मी. बटणही मीच दाबलं. निळं आकाश, हिरवं माळरान. मी पापणीसुद्धा हलवली नव्हती. काट्याचा प्रोग्राम जागच्या जागी होता, बोट लावताच उघडला. मी हसायला लागले ते थांबेना. दादानं पैसे घेतले नाहीत. “भाऊबीजेला आली नव्हतीस ना, ही यंदाची ओवाळणी.” साडीपेक्षा ती कितीतरी पट टिकली, हे मी आजही वहिनीला ऐकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी केबिनमध्ये बटण दाबलं, हात जोडले, आंघोळीला जायला वळले, आणि वळता वळता थबकले. पडदा उजळलेला होता. “काल बंद करायचं राही गयं,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाही आबा, आत्ता चालू झालाय.” त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याला हात जोडले नाहीत, नुसते बघत राहिले. मग सवयीनं दारातून हाक गेली, “व्हयना चालू.” अक्कांनी झाकण काढलं. त्या दिवशी न्याहारीला सगळ्यांनी कच्ची बट्टी खाल्ली. अक्कांचे हिशोब बसायला आठवडा लागला, आणि अखेर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला सेल घातला.

शनिवार आला. सकाळपासून रांग पुलापर्यंत, आणि बाभळीखाली मॅनेजर मोटरसायकल लावून उभे. आबांनी खुर्ची मागे सारली आणि मला म्हणाले, “तू बदललं, तूच चालाड.” त्या खुर्चीत आबांखेरीज कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिली ट्रॉली धोंडूनानांची. नाना म्हणजे गावातले मानाचे शेतकरी, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, सोबत तीन दणकट भाचे कापसाच्या ढिगावर बसलेले. आबा खिडकीतून ओरडले, “उतरा रे बठ्ठा.” भाचे उतरले, नाना उतरले, तोवर मी नंबर टाइप केला होता, लगेच बटण दाबलं. करकर झाली, चिठ्ठी मी नानांपुढे धरली.

नानांनी चष्मा लावला, चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. “सूनबाई, चिठ्ठी आधीच छापी ठेवेल व्हती का?”

“नाही नाना, आत्ताच वजन झालं.”

“मना पाय आते जमिनीले लागना, आनि वजन व्हई गयं?” त्यांनी रांगेकडे तोंड फिरवलं. “आनि कमी शे. दरसाल मनी ट्रॉली यानापेक्षा जास्त भरस.”

रांगेत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, न मोजताच आकडा देताहेत. कुणी म्हणालं, मशीन बदललंय, डाव आहे. मागून दोन ट्रॅक्टर रांग सोडून वळले आणि फाट्याकडे निघाले. मॅनेजर घड्याळ बघत होते. आबांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि गाड्या लावणारे माझे यजमान हात वर केलेल्या अवस्थेत रस्त्यात उभे. माझ्या डोक्यात एकच, की हे सगळं माझ्या एका हलक्या डिस्कनं केलंय. इतकी वर्षं लोकांनी ताटकळण्यालाच मोजणं मानलं होतं, आणि मी ते ताटकळणंच काढून घेतलं होतं.

“परत मोजू, नाना,” मी म्हटलं. “तुम्ही सांगाल तितक्या वेळा.”

नानांनी ट्रॅक्टर मागे घेऊन पुन्हा काट्यावर चढवला. सगळे उतरले. मी बटण दाबलं. आणि या वेळी पडद्याकडे बघत बसायचं कारणच नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. आबांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नसेल ते मला दिसलं. थोरला भाचा ट्रॉलीच्या कडेवर अलगद टेकत होता. मधला कापसावर दोन्ही कोपरं रोवून अंग टाकत होता. धाकट्याचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा ट्रॉलीच्या दांडीकडे निघून हवेत. नाना मला म्हणत होते, “जरासं थांब, सूनबाई, घाई नको करू.” पण चिठ्ठी माझ्या हातात होती. वजन पहिल्याइतकंच.

एवढं साधं होतं. वाळूचं घड्याळ फिरत असताना उभ्यानं किती वेळ थांबणार? माणसं बोलता बोलता टेकायची, चढून बसायची, विडी ओढायची, आणि कॉम्प्युटरला वजन घ्यायची जाग येई तेव्हा ती कापसात मोजली जायची. रिकाम्या गाडीत मऊ टेकायला काही नसायचं, म्हणून त्या वेळी माणसं टपरीवर जाऊन बसायची. जिनिंगच्या ढिगात जी घट यायची, ती दोन पायांवर चालत घरी जात होती.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. “नाना, भाचे बसून घेऊ देत का आधी? मग मोजते.”

धाकट्या भाच्याचा पाय अजून हवेतच होता. मागच्या ट्रॅक्टरवर एक म्हातारी बसली होती, ती ठसक्यात म्हणाली, “नाना, भाचासले बी कापूसनाच भाव का?” आणि पुलापर्यंत हसू पसरत गेलं, ज्यांना ऐकू आलं नव्हतं तेही हसले. नाना आधी लाल झाले, मग टोपी काढून डोकं खाजवायला लागले, मग तेही हसले. “सवय शे व पोरी. थांबा लागे, तर पोरं बसी जायेत. मुद्दाम नई करत कोणी.” ते बहुतेकांच्या बाबतीत खरंच असावं. निदान माझ्यासमोर कुणी वेगळं कबूल केलेलं नाही.

मॅनेजर बाभळीखालून चालत आले. त्यांनी भाच्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू घट किती ते अंदाजत होते. मग आबांपुढे उभे राहिले. “आबा, तीन हंगाम मी तुमच्या काट्याला दोष देतोय.”

आबा म्हणाले, “काटा खरा व्हता.”

“काटा खरा होता,” मॅनेजर म्हणाले, “मीच उलटा अर्थ धरला.”

आबांनी मान हलवली, पण हसले नाहीत. “आधी लाईन सरू द्या, साहेब. मंग बोला.” आणि आमच्या नशिबानं तेवढ्यात वीज गेली. सवयीप्रमाणे अख्खी रांग चहाला उठली. गोपाळनं आनंदानं दूध उतू जाईपर्यंत स्टोव्ह मोठा केला. यजमानांनी जनरेटरची दोरी ओढली, मी बटण दाबलं, आणि पहिला कप भरायच्या आधी खिडकीतून ओरडले, “या, पुढची गाडी.” आबांसारखं ओरडायला गेले, ते जरा आईसारखं झालं, पण गाडी आली. मग गाड्या येत राहिल्या. उतरा, करकर, चला. उतरा, करकर, चला. फाट्याकडे गेलेले दोन ट्रॅक्टर तिथल्या रांगेला कंटाळून परत आले आणि गुपचूप शेवटी उभे राहिले. त्यांच्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त नानांनी विचारलं, “कस काय, रस्ता चुकले का?” जेवणवेळ होईतो रस्ता मोकळा होता, पुलापर्यंत, आणि पुलाच्या पलीकडेही. मॅनेजरांनी शेवटच्या चिठ्ठीपर्यंत एकदाही घड्याळ बघितलं नाही. निघताना म्हणाले, “फाट्याचं सोडून द्या, आबा. पुढचे सगळे हंगाम इथेच.”

मॅनेजर गेल्यावर आबा केबिनमध्ये आले. मी खुर्चीतून उठायला लागले, तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं आणि बाजूच्या लाकडी बाकावर बसले. इतक्यात त्यांचा मोबाईल वाजला. सुरतेहून थोरले दीर. मोठ्या आवाजात बोलायची त्यांची रीत, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं, की खोली ठरवलीय, धाकट्याला रविवारच्या गाडीनं पाठवा. बाहेर यजमान काट्यावरचा सांडलेला कापूस झाडत होते. त्यांचा झाडू थांबला.

आबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि म्हणाले, “तो नई येवाव.” मग जरा थांबून, “तूच ये. आठे काटावर माणसं कमी पडी राहिनात.”